आमवात आणि धुळीचे काम: फुप्फुसे जपण्यासाठी टप्प्याटप्प्याने काय करावे

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे मराठीत ज्याला सर्रास आमवात म्हटले जाते तो आजार, बहुतेकांच्या मनात बोटे, मनगटे आणि गुडघे यांच्याशीच जोडलेला असतो. प्रत्यक्षात तो सांध्यांपुरता राहत नाही. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते, तेव्हा सांध्यांच्या अस्तराबरोबर फुप्फुसे, त्यांच्यावरचे आवरण आणि श्वासनलिका यांनाही झळ पोहोचते. त्यातून ज्या माणसाने आयुष्याची काही वर्षे दगड, वाळू, कोळसा किंवा सिमेंट यांच्या धुळीत काढली आहेत, त्याच्या फुप्फुसांवर दोन्ही बाजूंनी ताण येतो, आणि त्या दोन गोष्टी एकत्र आल्यावर होणारे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते.

अडचण अशी की संधिवाततज्ज्ञांच्या फायलीत रुग्णाच्या कामाचा उल्लेख क्वचितच सापडतो आणि छातीविकारतज्ज्ञांच्या फायलीत त्याच्या सांध्यांचा. दोन्ही गोष्टी ठाऊक असणारा माणूस एकच, तो म्हणजे रुग्ण स्वतः. त्यामुळे या दोन फायली जोडण्याचे काम त्याच्यावर आणि त्याच्या घरच्यांवर येऊन पडते. ते कसे करावे, कोणत्या तपासण्या मागाव्यात, धूळ कशी टाळावी आणि औषधांबाबत काय सांभाळावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. निदान आणि औषधयोजना डॉक्टरांनीच करायची आहे. मात्र योग्य प्रश्न घेऊन गेलेल्या रुग्णाला योग्य उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

धूळ आणि आमवात यांचे नाते

डोळ्यांना दिसणारी धूळ तुलनेने कमी धोकादायक असते. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात आणि शिंकेबरोबर किंवा खाकऱ्याबरोबर बाहेर पडतात. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. वायुकोशांपर्यंत उतरणारे कण मात्र बहुतांशी ५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. ते दिसत नाहीत, टोचत नाहीत, आणि हवा स्वच्छ वाटत असतानाही तासन्‌तास तरंगत राहतात. त्यांतला सर्वांत घातक कण स्फटिकी सिलिकाचा, म्हणजे वाळूत आणि बहुतेक कठीण दगडांत असणाऱ्या क्वार्ट्झचा. वायुकोशातील भक्षक पेशी हा कण गिळतात, पण तो त्यांना पचत नाही. कण पेशीला आतून फोडतो, तिच्यातील दाहकारक द्रव्ये भोवती सांडतात, कण पुन्हा मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला गिळायला येते. काम सोडल्यानंतरही हे चक्र थांबत नाही, आणि म्हणूनच सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांत व्रण पडून ती ताठर होण्याचा आजार, निवृत्तीनंतरही वाढू शकतो.

या सततच्या दाहामुळे फुप्फुसातील काही प्रथिनांची रासायनिक घडण बदलते आणि रोगप्रतिकार यंत्रणा त्यांना परके समजू लागते. आमवाताच्या निदानासाठी रक्तात जी अँटी-सीसीपी प्रतिपिंडे तपासतात, ती अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध तयार झालेली असतात, आणि अनेक रुग्णांच्या रक्तात ती सांधे दुखू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून असतात. स्वीडनमधील अभ्यासांत असे दिसले की सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांमध्ये ही प्रतिपिंडे असलेल्या आमवाताचे प्रमाण वाढते आणि तीच व्यक्ती धूम्रपानही करत असेल, तर धोका बराच चढतो. मलेशियातील एका अभ्यासात कापडउद्योगातील धुळीच्या संदर्भातही स्त्रियांमध्ये असाच संबंध आढळला. तेव्हा धूळ ही आधीपासून असलेल्या आमवातात भर घालतेच, पण काहींच्या बाबतीत आमवाताला सुरुवात करून देणाऱ्या कारणांपैकीही ती एक असते.

या दोहोंच्या संयोगाचे सर्वांत ठळक रूप १९५३ साली अँथनी कॅप्लन या डॉक्टरांनी नोंदवले. वेल्समधील कोळसा खाणकामगारांच्या छातीचे एक्स-रे पाहताना आमवात असलेल्या कामगारांच्या फुप्फुसांत त्यांना गोल, रेखीव कडांच्या गाठी दिसल्या. नेहमीच्या धूळविकारात दिसतात त्यापेक्षा त्या वेगळ्या होत्या: साधारण अर्ध्या ते पाच सेंटिमीटर आकाराच्या, बहुधा फुप्फुसाच्या बाहेरच्या भागात, आणि कधी कधी थोड्याच काळात एकदम उगवणाऱ्या. याच प्रकाराला आज कॅप्लन सिंड्रोम म्हणतात. अशी गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर मध्यभागी मृत ऊती, तिच्याभोवती धुळीचे काळपट कडे आणि त्याबाहेर दाहाच्या पेशींची रांग दिसते; आमवातात कोपराच्या कातडीखाली जी गाठ येते तिचीच ही धूळ मिसळलेली बहीण. पुढे सिलिका आणि ॲस्बेस्टॉसच्या कामगारांमध्येही हा प्रकार आढळला. तो दुर्मीळ आहे. त्याहून कितीतरी अधिक रुग्णांना फुप्फुसांच्या ऊती जाड आणि ताठर होण्याचा विकार होतो, ज्याला आयएलडी म्हणतात. आमवाताच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला तो जाणवण्याइतका होतो. यांशिवाय फुप्फुसाच्या आवरणात पाणी होणे आणि श्वासनलिका कायमच्या रुंदावणे हेही आमवातात घडते.

पहिली पायरी: आपल्या धुळीचा इतिहास एका कागदावर लिहा

ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. डॉक्टरांनी ‘काम काय करता?’ असे विचारले की रुग्ण आजचे काम सांगतो. पण वीस वर्षांपूर्वी तीन वर्षे ओतशाळेत वाळूचे साचे फोडले होते, किंवा तरुणपणी बोगद्याच्या कामावर होतो, हे त्याला सांगण्यासारखे वाटत नाही. धुळीमुळे होणारा नेहमीचा, हळूहळू वाढणारा सिलिकोसिस दहा किंवा त्याहून अधिक वर्षांनी दिसू लागतो; त्यामुळे विसरलेले कामच बहुधा महत्त्वाचे निघते.

कागदावर पहिल्या नोकरीपासून सुरुवात करा आणि प्रत्येक कामापुढे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, दिवसाचे किती तास, कोणता माल हाताळला आणि नेमके काय केले हे लिहा. ‘बांधकामावर होतो’ एवढ्याने काही कळत नाही. ‘फरशी कोरडी कापत होतो, खोली बंद असायची, दिवसाकाठी चार तास’ हे वाचून डॉक्टरांच्या लगेच लक्षात येते. दगडाच्या खाणी, खडी फोडण्याचे यंत्र, पाथरवटकाम, फरशी आणि ओटे कापणे, भिंती फोडणे, वाळूच्या फवाऱ्याने धातू किंवा कापड घासणे, ओतकाम, काच आणि चिनी मातीची भांडी बनवणे, भट्टीच्या विटा बदलणे, कोळसा उपसणे, जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढणे, ही सारी कामे या यादीत येतात. दगडाचा प्रकार ठाऊक असेल तर तोही लिहा. संगमरवरात सिलिका अगदी थोडी असते, ग्रॅनाइटमध्ये बरीच, वालुकाश्मात त्याहून जास्त, आणि ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत तर ती नव्वद टक्क्यांच्या वरही असते. या लाद्या कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये काही वर्षांतच गंभीर सिलिकोसिस दिसू लागल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्यावर बंदी घातली.

स्वतः धुळीत काम न केलेल्यांनीही हा कागद भरावा. कामावरचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या व्यक्तीच्या श्वासात तीच धूळ जाते. पाँटची खालची घडी उलगडून पाहिली की तिच्यात पिठासारखी पांढुरकी भुकटी साचलेली दिसते. ती झटकणाऱ्याने कधी खाणीत पाऊल टाकलेले नसते, एवढाच फरक. ओलसर, बुरशी लागलेले गवत किंवा धान्य हाताळणे आणि पक्षी पाळणे यांचीही नोंद करा, कारण त्यांच्यामुळे ॲलर्जीच्या मार्गाने फुप्फुसांना सूज येते आणि सिटी स्कॅनमध्ये ते चित्र आमवाताच्या विकाराशी मिळतेजुळते दिसू शकते.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला सांध्यांची कहाणी लिहा: दुखणे कधी सुरू झाले, सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात, कातडीखाली गाठी आहेत का, आरएफ (ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, आमवातासाठीची आणखी एक रक्तचाचणी) आणि अँटी-सीसीपी यांचे आकडे काय आले, आजवर कोणती औषधे घेतली आणि कोणती का थांबवली. धूम्रपानाची वर्षेही प्रामाणिकपणे लिहा. या कागदाच्या प्रती काढून प्रत्येक डॉक्टरांच्या फाइलमध्ये एक लावायला सांगा.

दुसरी पायरी: लपलेली धाप शोधा

आमवाताच्या रुग्णाची धाप उशिरा लक्षात येते आणि त्याचे कारण साधे आहे. गुडघे दुखतात म्हणून तो जिने टाळतो, पावले दुखतात म्हणून हळू चालतो, आणि दम लागण्याइतकी हालचाल त्याच्याकडून होतच नाही. फुप्फुसांची बरीच ताकद गेल्यावरही त्याला ‘मला दम लागत नाही’ असे मनापासून वाटते. म्हणून दम लागतो का, हा प्रश्न पुरेसा नाही. गेल्या वर्षी करत होतो त्यांपैकी काय करणे आता सोडून दिले, हे विचारावे. बोलता बोलता वाक्याच्या मध्ये थांबावे लागते का, वाकून चप्पल घालताना किंवा अंघोळ करताना श्वास वाढतो का, बरोबरीची माणसे चालताना पुढे निघून जातात का, याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. रुग्णापेक्षा त्यांना हे आधी दिसते.

कोरडा, चिवट, आठवड्यांमागून आठवडे न जाणारा खोकला हे दुसरे लक्षण. बोटांची टोके फुगीर होणे आणि नखे घड्याळाच्या काचेसारखी गोलाकार होणे हे तिसरे, पण सुजलेल्या बोटांत ते सहज नजरेतून सुटते. डॉक्टर पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा ताठरलेल्या फुप्फुसातून वेल्क्रोची पट्टी हळूहळू उकलल्यासारखा बारीक चरचर आवाज येतो. कॅप्लनच्या गाठी मात्र बहुधा काहीच लक्षण देत नाहीत आणि एक्स-रेमध्ये योगायोगाने सापडतात. काही वेळा तर सांधे दुखू लागण्याच्याही आधी.

प्रत्येक धाप फुप्फुसांचीच असते असेही नाही. दीर्घकाळच्या दाहामुळे रक्त कमी होते आणि त्यानेही दम लागतो. आमवातात हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. स्वरयंत्रातही दोन छोटे सांधे असतात आणि त्यांना सूज आली की आवाज बसतो, गिळताना दुखते आणि श्वास घेताना घरघर होते. बसलेला आवाज आणि श्वास आत घेताना येणारी घरघर एकत्र आली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तिसरी पायरी: योग्य तपासण्या, योग्य क्रमाने

सुरुवात छातीच्या साध्या एक्स-रेने होते, पण तो स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नये. सुरुवातीची आयएलडी त्यात दिसत नाही. धुळीचा इतिहास आणि आमवात दोन्ही असतील आणि खोकला, धाप किंवा श्वसनचाचणीत बिघाड असेल, तर एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचे बारीक काप दाखवणारा सिटी स्कॅन, करण्याविषयी डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. स्कॅनच्या विनंतिपत्रावर ‘आमवात, सिलिकाच्या धुळीत अमुक वर्षे काम’ एवढी ओळ लिहून घ्या. हे वाचलेला रेडिओलॉजिस्ट त्याच गाठींकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

फुप्फुसांच्या कार्यचाचणीत दोन आकडे महत्त्वाचे असतात. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास भरून जोराने बाहेर टाकलेली हवा, आणि डीएलसीओ म्हणजे वायुकोशातून रक्तात वायू उतरण्याची क्षमता. आयएलडीत डीएलसीओ अनेकदा आधी घसरतो, त्यामुळे केवळ साधी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून हवा मोजण्याची चाचणी, करून थांबू नये. आमवाताच्या रुग्णाला ही चाचणी देताना एक अडचण येते, जी फारशी कोणी सांगत नाही: जबड्याचा सांधा सुजलेला असेल तर तोंडातली नळी ओठांनी घट्ट धरता येत नाही, कडेने हवा निसटते आणि आकडा खोटाच कमी येतो. हे तंत्रज्ञाला आधी सांगा, आणि शक्यतो सांधे कमी दुखत असतील तो दिवस आणि ती वेळ निवडा.

सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत ऑक्सिजन किती घसरतो ते मोजतात. गुडघ्यांमुळे अंतर कमी भरले तरी घसरलेला ऑक्सिजन आपली साक्ष देतोच. घरी ऑक्सिमीटर वापरत असाल, तर बोट गरम करून, नखावरचा रंग काढून, अर्धा-एक मिनिट आकडा स्थिर होऊ द्यावा. बोटे गार पडून पांढरी होणाऱ्यांमध्ये आणि फार वाकड्या झालेल्या बोटांवर तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. अशा वेळी कानाच्या पाळीला लावण्याचे उपकरण अधिक भरवशाचे. शिवाय बसलेल्या अवस्थेतला आकडा चांगला असूनही चालताना तो घसरू शकतो, म्हणून घरातल्या घरात चालून झाल्यावरही एकदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

जुने एक्स-रे आणि स्कॅन कधीही टाकू नका. एखादी गाठ पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तेवढीच दिसत असेल, तर एक जुनी फिल्म रुग्णाला बायॉप्सीच्या सुईपासून वाचवू शकते.

चौथी पायरी: फुप्फुसात गाठ दिसली तर

अहवालात ‘गाठ’ हा शब्द वाचून घर हादरते, आणि ते स्वाभाविक आहे. अशा रुग्णाच्या गाठीची मुख्य कारणे चार: आमवाताची किंवा कॅप्लनची गाठ, क्षयरोग, कर्करोग, आणि धुळीमुळे तयार झालेला मोठा तंतुमय गोळा. बुरशीचा संसर्ग ही पाचवी शक्यता, विशेषतः रोगप्रतिकार दाबणारी औषधे चालू असतील तर. यांतल्या कोणत्याही एका कारणावर घाईने शिक्का मारण्यात दोन्ही बाजूंनी धोका आहे. ‘तुमच्या आमवाताचीच गाठ’ म्हणून सोडून दिलेला कर्करोग हातचा जातो. स्फटिकी सिलिका कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले आहे. उलट, केवळ गाठ पाहून पुराव्याविना क्षयाची औषधे महिनोन्‌महिने घेण्यानेही नुकसान होते.

अनेक गाठी, दोन्ही बाजूंना, कडेच्या भागात, सोबत कातडीखालच्या गाठी आणि आरएफचा चढा आकडा, हे चित्र कॅप्लनकडे झुकते. एकच गाठ, काटेरी कडा, दर खेपेला वाढणारा आकार आणि धूम्रपानाचा इतिहास असेल, तर कर्करोग वगळल्याशिवाय स्वस्थ बसू नये. ताप, रात्रीचा घाम, घटते वजन आणि थुंकीत रक्त यांपैकी काही असेल, तर थुंकीची जनुकीय चाचणी आणि कल्चर आधी करावे. कॅप्लनच्या गाठी मधून पोकळ होऊ शकतात आणि तेव्हा त्या क्षयाच्या पोकळीसारख्याच दिसतात, म्हणून नुसत्या चित्रावर निर्णय घेता येत नाही. पेट स्कॅनमध्येही दाह, क्षय आणि कर्करोग तिन्ही चमकू शकतात. त्या चमकेचा अर्थ बाकीच्या माहितीबरोबरच लावावा लागतो.

बायॉप्सी किंवा भूल देऊन करायची कोणतीही तपासणी ठरली, तर मानेच्या सांध्यांविषयी आवर्जून सांगा. जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात आणि भूलतज्ज्ञाला हे माहीत नसताना मान मागे वाकवली गेली, तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

पाचवी पायरी: धूळ थांबवा

कॅप्लन सिंड्रोम किंवा सिलिकोसिस यांवर आत गेलेली धूळ बाहेर काढणारे औषध नाही. म्हणून आणखी धूळ जाऊ न देणे हाच उपचाराचा पाया आहे. फुप्फुसांत विकार सापडलेला असेल, तर धुळीचे काम पूर्णपणे सोडणे हेच योग्य. हे लिहायला सोपे आणि करायला फार कठीण आहे, कारण त्या कामावर घर चालत असते. तरीही डॉक्टरांकडून ‘धुळीच्या कामासाठी अयोग्य’ असे लेखी प्रमाणपत्र घेऊन त्याच ठिकाणी धुळीपासून दूरचे काम मागता येते, आणि कामामुळे झालेल्या आजाराच्या भरपाईसाठीही हाच कागद पुढे उपयोगी पडतो.

किती धूळ म्हणजे जास्त, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब मांडतो. अमेरिकेत २०१६ च्या नियमानुसार श्वासात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. काम करणारा माणूस एका पाळीत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे मर्यादेवरचा दिवसभराचा वाटा झाला अर्धा मिलिग्रॅम, मिठाच्या आठ-दहा दाण्यांएवढा. कोरडी फरशी कापताना उठणारा ढग डोळ्यांसमोर आणला की ही मर्यादा किती झटकन ओलांडली जाते ते कळते.

ज्यांना काम लगेच सोडता येत नाही त्यांनी धूळ मुळात उडू न देण्यावर भर द्यावा. पाण्याची धार पाते आणि दगड जिथे भिडतात नेमकी तिथे पडली पाहिजे. शेजारी बादली शिंपडून उपयोग नाही. यंत्राला जोडलेली शोषणनळी धूळ उगमापाशीच ओढते. ओल्या कापणीतही एक चूक सर्रास होते: खाली साचलेला राडा तसाच राहतो, रात्रीत वाळतो, त्याची राखाडी पापडी धरते, आणि सकाळी झाडू फिरला की आदल्या दिवशी पाण्याने दाबलेली सगळी धूळ एकदम हवेत उठते. राडा ओला असतानाच खरवडून बंद पिशवीत भरावा. कोरडा झाडू आणि दाबाच्या हवेने कपडे फुंकून काढणे दोन्ही बंद करावे. ओले फडके किंवा हेपा फिल्टरचा (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम वापरावा. कामाचे कपडे तिथेच बदलावेत, हात-तोंड धुऊन मगच खावे-प्यावे, आणि कपडे घरी न्यावेच लागले तर बंद पिशवीत नेऊन न झटकता पाण्यात बुडवावेत.

मास्कचा क्रम शेवटचा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा शस्त्रक्रियेचा मास्क हे बारीक कण अडवू शकत नाही. एन९५ मास्कचा कागद ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण कडेने फट राहिली तर हवा त्या फटीतून जाते आणि कागदाचा गुण वाया जातो. दाढीवर तो बसत नाही. आमवाताच्या रुग्णाची अडचण आणखी वेगळी: सुजलेल्या बोटांनी नाकावरची पट्टी नीट दाबता येत नाही आणि खांदा वर जात नसेल तर रबरी पट्टे डोक्यामागे नेता येत नाहीत. मग पट्टे कानांवर अडकवले जातात किंवा खालचा पट्टा लोंबकळत राहतो. मास्क चढवायला सोबत्याची मदत घ्यावी, पट्टी दोन्ही हातांच्या तर्जन्यांनी मधून बाहेरच्या दिशेने दाबावी, आणि दोन्ही तळहात मास्कभोवती धरून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालांवर झुळूक लागली तर मास्क बसलेला नाही. धाप असणाऱ्याला घट्ट मास्कमधून श्वास ओढणे जड जाते. त्याच्यासाठी बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा देणारे शिरस्त्राण अधिक सोयीचे. ते दाढीवरही चालते आणि घालताना बोटांवर जोर पडत नाही.

धूम्रपान याच पायरीत येते. धूर आणि सिलिका एकत्र आल्यावर काय होते ते वर आलेच आहे. ते सोडण्यासाठी निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या आणि समुपदेशन मागायला संकोच करू नये.

सहावी पायरी: औषधे आणि क्षयाची तपासणी

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे नेहमीचे औषध. पुष्कळ रुग्ण ‘मेथोट्रेक्सेटने फुप्फुसे खराब होतात’ असे ऐकून ते परस्पर बंद करतात. मेथोट्रेक्सेटमुळे फुप्फुसांना अचानक सूज येऊ शकते हे खरे आहे. ती दुर्मीळ असते, बहुधा उपचाराच्या पहिल्या वर्षात येते, आणि काही दिवसांत वाढणारा कोरडा खोकला, ताप आणि धाप अशी दिसते. असे झाल्यास पुढची मात्रा न घेता लगेच डॉक्टरांना गाठावे. पण हळूहळू वाढणारी आयएलडी या औषधामुळे होते, या जुन्या समजाला अलीकडच्या अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. उलट धुमसत राहिलेला आमवातच फुप्फुसांना अधिक धोक्यात टाकतो. लेफ्लुनोमाइड या आमवाताच्या दुसऱ्या औषधाबाबत मात्र, आधीच आयएलडी असेल तर, डॉक्टर अधिक सावध असतात. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे. ही चूक जिवावर बेतू शकते.

सिलिकाची धूळ भक्षक पेशींना दुबळे करते आणि क्षयाच्या जंतूंना रोखणाऱ्याही याच पेशी असतात. म्हणून सिलिकोसिसमध्ये क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. त्यावर टीएनएफ (दाह वाढवणारे शरीरातले एक प्रथिन) रोखणारी जैविक औषधे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड आले, तर सुप्त क्षय डोके वर काढू शकतो. अशी औषधे सुरू करण्यापूर्वी एक्स-रे आणि सुप्त क्षय शोधणाऱ्या मँटू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) यांपैकी एक चाचणी झालीच पाहिजे, आणि स्टिरॉइड चालू असताना ही चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते हे लक्षात ठेवावे. सुप्त क्षय सापडला तर प्रतिबंधक औषधांचा क्रम पूर्ण करावा. त्यातले रिफाम्पिसिन हे औषध स्टिरॉइड आणि टोफासिटिनिब (आमवाताची एक गोळी) यांचा परिणाम घटवते. आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध आणि मेथोट्रेक्सेट एकत्र असतील तर यकृताच्या चाचण्या वारंवार लागतात. म्हणून दोन्ही डॉक्टरांकडे एकमेकांच्या औषधांची पूर्ण यादी असलीच पाहिजे.

फुप्फुसांचा ताठरपणा वाढत चालला असेल, तर मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब, आणि तंतुमयता मंदावणारे निंटेडॅनिब यांपैकी काय द्यायचे याचा निर्णय दोन्ही तज्ज्ञांनी मिळून घ्यावा. ही औषधे झीज मंद करतात. झालेली हानी भरून काढत नाहीत, आणि हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

सातवी पायरी: पाठपुरावा

इन्फ्लुएंझा आणि न्यूमोकोकस यांच्या लसी, शक्यतो जोरकस औषधे सुरू होण्यापूर्वी, घ्याव्यात. रोगप्रतिकार दाबलेला असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळाव्यात. श्वसनाचा व्यायाम आणि सांध्यांना झेपेल अशी हालचाल भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकून घ्यावी, कारण बसून राहिल्याने स्नायू जातात आणि तेवढ्याच फुप्फुसांवर दम अधिक लागतो. आयएलडी नव्याने सापडल्यावर कार्यचाचणी साधारण तीन ते सहा महिन्यांनी करतात आणि स्थिती स्थिर असेल तर पुढे अंतर वाढवतात. एफव्हीसी दहा टक्के किंवा डीएलसीओ पंधरा टक्के घसरला, तर तो घसरण्याचाच इशारा समजून उपचार बदलण्याविषयी विचारावे. दर खेपेचे आकडे त्याच पहिल्या कागदाखाली तारखेसह लिहीत जावे.

छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन श्वास अडकला, तर पृष्ठभागाजवळची गाठ फुटून छातीत हवा शिरलेली असू शकते. थुंकीत रक्त येणे, ओठ निळसर पडणे, किंवा दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढलेली धाप यांतही उशीर परवडत नाही. अशा वेळी तातडीच्या विभागात जाताना औषधांची यादी आणि धुळीचा कागद बरोबर घ्यावा, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की रुग्णाला आमवात आहे, रोगप्रतिकार दाबणारी अमुक औषधे चालू आहेत आणि इतकी वर्षे धुळीत काम झालेले आहे.